जळक्या ऑईलचे मानकरी

गाडीचं ऑईल किती दिवसांनी बदलायचं हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात स्वच्छ छापलेलं असतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुस्तक लिहिणाऱ्याला भावकी नसावी बिचाऱ्याला. देवळाली प्रवऱ्याजवळ आमच्या वस्तीवर ऑईल बदलतात ते गाडीची गरज पाहून नाही. खालून निघणारं जळकं ऑईल कोणाला हवंय, त्यावर सगळं ठरतं.

जळकं ऑईल ही आमच्याकडे फेकून द्यायची वस्तू नव्हे. गोठ्याच्या लाकडी खांबांना ते चोपडलं की वाळवी लागत नाही. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेच, दाराच्या चौकटीच्या बुडालाही तेच. ट्रॅक्टरवाले आपलं ऑईल घराबाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून कारवाल्याकडे सगळ्यांचे डोळे. मी तालुक्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण खुर्चीत असताना मिळाला नाही तेवढा मान मला या साडेतीन लिटर काळ्या घाणीनं मिळवून दिला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

गाडी खरं तर बायकोची. ती झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाली, आलेल्या पैशातून तिनं गाडी घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी विशीतल्या पोरींच्या बरोबरीनं ड्रायव्हिंग शिकली. तिचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात. थोरली बहीण त्याच गावात दिलेली. तिचे गुडघे गेलेत. सगळा जन्म भंडारदऱ्याच्या जवळ गेला, पण धरणाचं पाणी तिनं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून, तेही उभ्यानं. बायकोनं तिला फोनवर शब्द दिला होता, "ताई, मी स्वतः गाडी चालवत येते आणि तुला धरणाच्या भिंतीपर्यंत नेते." त्या गावात लेक गाडी चालवत माहेरी आलेली अजून कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे बहिणीनं ही बातमी गावभर केली होती.

ऑईल-पाण्याचं खातं मात्र माझ्याकडे. "गाडीचं मी बघतो," असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. तिनंही मान डोलावली.

पहिल्या खेपेचं ऑईल चुलत भावानं नेलं. दुसरी खेप जवळ आली तशी तो पुन्हा ओट्यावर येऊन बसला. "दादा, औंदा बी ऑईल मलाच ठेव. गोठा नवा हाय, निम्मे खांब उघडेच राहिल्यात." मी हो म्हणालो. दोन दिवसांनी बांधाला बांध असलेला शेजारी आला. चहा घेतला, पावसाचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, मागच्या बारीला तुमच्या भावानं नेलं, मी काय बोललो का? आता माझी बारी. त्याला दिलं तरी माझा राग न्हाई. फकस्त ध्यानात राहील." त्यालाही मी हो म्हणालो.

हे 'ध्यानात राहील' फार वाईट. आमच्या विहिरीची पाईपलाईन त्याच्या रानातून येते. आणि चुलत भाऊ म्हणजे भावकी, उद्या खांदा द्यायला तोच. कोणी म्हणेल, अर्धं अर्धं वाटायचं होतं. तसं केलं असतं तर 'आपल्याला अर्ध्यावर बोळवलं' म्हणून दोघेही तोंड फुगवून बसले असते. गॅरेजवाल्याकडेच सोडून द्यावं, तर दोघांची माझ्याविरुद्ध एकी झाली असती.

मी कचेरीतला जुना मुरलेला माणूस. दोन अर्जदार भांडायला लागले की फाईल कपाटावर ठेवायची, ही आमची रीत. कोणाचंच काम होत नाही, म्हणून कोणी नाराज होत नाही. तसंच केलं. ऑईल बदललंच नाही. कमी झालं की वरून थोडं ओतायचो आणि बॉनेट दाबून बंद करायचो. भाऊ भेटला की म्हणायचो, "अजून किलोमीटर भरले नाहीत." शेजारी भेटला की म्हणायचो, "आता नवीन ऑईल निघालंय, लई दिवस टिकतं." दोघेही खूश होते. माझ्या हुशारीवर मीही खूश होतो.

बायकोनं तीनदा विचारलं. पुस्तक घेऊन समोर उभी राहिली, बोट ठेवून वाचून दाखवलं, शाळेत दाखवायची तसं. मी म्हणालो, "तू स्टेअरिंग बघ, इंजिन माझ्यावर सोड." असं करत करत दोन वर्षं झाली.

निघायच्या दिवशी तिनं सकाळी गाडी धुतली. हळदीकुंकू लावलं. मी शेजारच्या सीटवर मार्गदर्शक म्हणून बसलो. संगमनेरपर्यंत ती इतकी छान चालवत होती की मला मार्गदर्शनाला जागाच मिळेना. शेवटी तिच्या ओढणीची काळजी करत बसलो. अकोल्याच्या अलीकडे स्टेअरिंगपुढच्या मीटरमध्ये एक लाल दिवा लागला. किटलीसारखं चित्र होतं.

"अहो, हा कसला?"

तो ऑईलचा, हे मला ठाऊक होतं. पण म्हणालो, "चढाला लागतो तो. जाईल आपोआप."

"पुस्तकात लिहिलंय, हा लागला की गाडी थांबवा."

"पुस्तकवाले ऑफिसात बसून लिहितात. त्यांना काय माहीत आपले रस्ते? चल तू."

ती चालवत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी सांगितलेलं तिनं इतक्या मुकाट्यानं क्वचितच ऐकलं असेल, आणि नेमकं तेव्हाच ऐकलं. अकोलं मागे पडलं, घाट लागला. आधी आतून खटखट यायला लागली, मग एक दणका बसला आणि गाडी जागीच थांबली. तिनं दोनदा चावी फिरवून पाहिली.

अकोल्याहून मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडून आत बोट घातलं आणि ते माझ्यासमोर धरलं. "काका, ह्ये ऑईल न्हाई, काकवी हाय. कवा बदललं हुतं?"

"झालं असेल वर्ष, सव्वा वर्ष."

"दोन वर्षं," बायको म्हणाली.

"मग संपलं इंजिन," तो म्हणाला आणि गाडी ओढून न्यायला टोचन आणायला गेला.

तिनं विचारलं, का नाही बदललं. तिथं रस्त्याच्या कडेला उभं राहून मी सगळं सांगितलं. भाऊ, शेजारी, पाईपलाईन, खांब. सांगताना माझं मलाच हसू येण्यासारखं होतं, पण ती हसली नाही.

"ते दोघं नाराज झाले असते म्हणून?"

"हो ना."

"आणि मी?"

खालून माणसांनी भरलेली एक जीप आली. तिनं हात केला, पिशवी घेतली आणि मागच्या बाजूला भाताच्या पोत्यांमध्ये जाऊन बसली. मी टोचन लावलेल्या गाडीबरोबर उलटा अकोल्याला गेलो.

पुढचं मला तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं. बहीण सकाळपासून फाट्यावर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर ओवाळायचं ताट होतं. शेजारच्या चारपाच बायाही आल्या होत्या. जीप थांबली, बायको उतरली, आणि बहीण तिच्या मागं गाडी शोधत राहिली. बायको म्हणाली, "बिघडली गं घाटात. माझीच चूक. नवखी आहे ना मी." माझं नावसुद्धा घेतलं नाही तिनं.

संध्याकाळी मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. तिच्या माहेराहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, मनाला लावून घेऊ नका. बाईमानसाच्या हातात गाडी दिली की असं व्हायचंच."

एका वाक्यात खरं सांगून मोकळं होता आलं असतं. चूक माझी, तिनं दिवा दाखवला होता, मीच चल म्हणालो. पण मेव्हण्याला काय वाटेल, असं मनात आलं. मी म्हणालो, "हं. व्हायचंच."

तिकडे कोणीतरी कपबशी खाली ठेवली. बहिणीचा आवाज आला, "घे की गं, चहा गार व्हतोय." आणि मग बायकोचा, अगदी जवळून, "नको." फोन स्पीकरवर होता.

महिन्याभरानं इंजिन दुरुस्त होऊन आलं. मी किल्ली तिच्यापुढे धरली, म्हणालो, चल, ताईला धरण दाखवून आणू, तूच चालव. ती शेंगा निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुम्हीच चालवा. मला येत नाही, हे तुम्ही माझ्या माहेरी सांगितलंय."