घर झाडायची घाई

आमच्या केशोरीत रुख्माकाकीइतकी झाडलोट दुसऱ्या कुणाच्या घरी होत नसेल. अंगणात पान पडलं की ही बाई झाडू घेऊन हजर. मी तिचा शेजारी, निवृत्त मास्तर. तिच्या धुळीपायी माझे कित्येक चहा वाया गेले. पण घरातलं कुणी गावाला निघालं, की तोच झाडू कोपऱ्यात जातो. गेलेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं, तर त्या माणसालाच घराबाहेर झाडून काढल्यासारखं होतं, असं ती मानते.

मागच्या महिन्यात तिची रेणू दोहाला निघाली. पोरगी नर्स, तिथल्या एका दवाखान्यात नोकरी लागलेली. काकी अडून बसली होती. समुद्रापलीकडे पोरगी पाठवायची म्हणजे जिवाला घोर. शेवटी रेणूने तिकीटच पुढे धरलं. विमान नागपूरहून पहाटे चारला उडतं, दोहाला सहाला उतरतं. काकीला घड्याळ चांगलं कळतं. केशोरीहून एसटीने गोंदियाला जायला याहून जास्त वेळ लागतो, मग कायले अडवायचं, असं म्हणत तिने होकार दिला.

रेणू दुपारीच भावासोबत, मुन्नासोबत, नागपूरला गेली. घर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून गेले आणि काकीने झाडू उचलला.

सातला मी अंगणात आलो, तर तिचं घर लख्ख आणि ती फोन मांडीवर घेऊन बसलेली. पोरीचा फोन काऊन आला नाही, असं तिने मला विचारलं. मास्तरकी काही सुटत नाही. मी समजावायला लागलो. दोहा इथून जवळपास अठ्ठावीसशे किलोमीटर, विमानाला साडेचार तास तरी लागणार. तिकिटावरचे सहा म्हणजे तिथले सहा, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रेणू अजून समुद्रावरच असेल.

काकीचा चेहरा पांढरा पडला.

"म्हंजे पोरगी हवेत हाये, अन् मी घर झाडून बसली?"

ती तडक उकिरड्यावर गेली, सुपलीत कचरा भरून आणला आणि घरात पसरू लागली. पिशव्यांचे तुकडे, चार तांदूळ, रेणूच्या कंगव्यातला केसांचा गुंता. मला आधी हसूच आलं. पण तो गुंता कुठून झाडला होता हे काकीला आठवेना आणि ती तो हातात घेऊन घरभर फिरायला लागली, तेव्हा माझं हसू गेलं. आरशाखाली असेल, म्हटलं, आणि मीच तो नेऊन ठेवला. जन्मभर वर्गात अंधश्रद्धेवर ओरडणारा मी, शेजारणीच्या घरात कचरा जागच्या जागी लावत होतो. लाज वाटली नाही, खरं सांगतो. पोर माझ्याही अंगणात वाढली होती.

नऊच्या सुमारास फोन वाजला. रेणू सुखरूप पोचली होती. आपल्या घड्याळात साडेआठला उतरले, आता घर झाड, असं ती हसत आईला म्हणाली. म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. आई नाही म्हणेल म्हणून तिने दोन तासांचा तो हिशेब मुद्दामच तसा राहू दिला होता.

काकीच्याही ते ध्यानात आलं. आता फोनवरच पोरीची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. काकीने झाडू उचलला, पण झाडायला वाकली नाही.

"पुढच्या टायमाले खरं सांगजो व," ती म्हणाली. "लंबा रस्ता हाये तं लंबा सांग. मी आठ दिस घर नाही झाडणार. पण तू पोचाच्या आंधी मले झाडाले नको लावू."