चार बागा आणि एक बाकडं

आमचा बागांचा फेरा झाडांच्या ओढीने सुरू झाला नाही. तो सुरू झाला गाडी लावायच्या सोयीने.

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना, चोपन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. मला गाडी येत होती, पण माझं चालवणं तिला पसंत नव्हतं. "म्हशीच्या मागनं चालल्यागत चालवता," म्हणायची. ती मुरगूडच्या शेतकरी घरातली. तीस वर्षं शहरातल्या मुलांना शुद्ध मराठी शिकवली, पण घरात पाऊल टाकलं की मुरगूडचंच बोलायची.

शिकवणाऱ्या माणसाने तिला परवाना मिळवून दिला, पण एक भीती काही जाईना. तिला उजवीकडे वळता येत नसे. म्हणजे हात वळत, मन वळत नसे. समोरून येणारे सगळे आपल्यालाच धडकायला निघालेत असं तिला वाटे.

"डावीकडं वळायचं म्हंजे आपलं आपण बघायचं," ती म्हणाली. "उजवीकडं वळायचं म्हंजे समद्या गावाला इचारायचं. मला न्हाय जमत."

मग एका शनिवारी तिने जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने कोल्हापूर काढलं. आमची रिंगरोडजवळची कॉलनी, तिथून हुतात्मा पार्क, मग टाऊन हॉलची बाग, मग रंकाळा, आणि शेवटी आमच्याच कॉलनीची छोटी बाग. जिथे जिथे निवड होती तिथे डावं वळण. चारही ठिकाणी गाडी पुढून घालता येईल आणि मागे न घेता बाहेर काढता येईल, अशी जागा तिने रिक्षाने फिरून आधीच बघून ठेवली होती. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही शेजारी बसून वाचा. आयुष्यभर वाचलंच की."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. हे बोलणं मला लागलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही निघत असू. बागेत जायचं, अर्धा तास बसायचं, कारण लगेच परत गाडीत बसायला तिचे हात तयार नसत. स्टिअरिंग एवढं घट्ट धरलेलं असे की बोटं दुखायची. ती चपला काढून गवतात पाय ठेवायची आणि बोटं मोडत बसायची. मी बाकड्यावर बसून पुस्तक उघडायचो. ती बाकड्यावर क्वचितच बसे, पण बाकड्यांवरची नावं मात्र वाचायची. आमच्याकडे बागेला बाकडं देतात ते कुणाच्या तरी स्मरणार्थ. पाठ टेकायच्या फळीवर नाव आणि खाली देणाऱ्या मुलांची, सुनांची नावं. ती मोठ्याने वाचायची, वर्गात हजेरी घेतल्यासारखी.

एकदा रंकाळ्यावर आमच्यासमोरच्या बाकड्यावर एक कुटुंब भेळ खात होतं. भेळ संपली तसा त्यातल्या गृहस्थांनी हात मागे नेऊन फळीलाच पुसला.

"बघा," ती मला म्हणाली. "मी मेल्यावर माझं नाव असं बाकड्यावर घालू नका. लोकं माझ्या नावाला पाठ लावून भेळ खाणार आन् हात बी तितंच पुसणार."

"बरं," मी म्हणालो आणि पान उलटलं. ती खरंच सांगत होती की गंमत करत होती, हे विचारायचं सुचलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. आजारी नव्हती. दुपारी जेवून आडवी झाली आणि चहाच्या वेळेला उठली नाही. दवाखाना नाही, धावपळ नाही. शेजारी म्हणाले, पुण्यवान बाई. असेल. मला मात्र दवाखान्याबाहेर बसून वाट बघायलाही मिळालं नाही.

आमच्या भागात आता बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत, शेतात नेऊन झाडाच्या खड्ड्यात घालतात. तिच्या भावाने मुरगूडच्या मळ्यात नारळ लावला. रोपाने चांगलं मूळ धरलंय. पण मुरगूडला मी पाहुणा. गेलं की जेवायचा आग्रह होतो, मेहुणा कामधाम सोडून शेजारी बसतो, आणि नारळाजवळ एकट्याने दहा मिनिटं उभं राहणं काही जमत नाही.

हे मी एकदा पुण्याला मुलीजवळ बोलून गेलो. तिने लगेच ठरवलं, बाकडं द्यायचं. शिरोली एमआयडीसीत आईच्या एका विद्यार्थ्याची फाउंड्री आहे, त्याला तिने फोनही केला. तो घरी आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, बाईंचं बाकडं मी बनवणार. लोखंड ओतूनच करू, पिढ्यान् पिढ्या टिकंल. तुम्ही फक्त जागा सांगा आणि अक्षरं सांगा. सोमवारी साचा घालतो."

मुलगी म्हणत होती रंकाळा. "बाबा, पाणी समोर, सगळे येतात तिथे."

तिच्या आईने नको म्हटलं होतं, हे मी मुलीला सांगितलं नाही. बागेच्या परवानगीचा अर्ज टेबलावर पडून होता. त्यात जागेची ओळ रिकामी होती. सोमवारच्या आत ती भरायची, की अर्ज फाडायचा, एवढंच माझ्या हातात होतं. तिचं म्हणणं मोडायचं तर निदान तिला कमीत कमी खटकेल अशी जागा शोधावी, म्हणून रविवारी चार वाजता मी तिचा कागद काढला आणि गाडीत बसलो. वर्षभरात पहिल्यांदा. शेजारची सीट तिच्या उंचीला कधी लावलेलीच नव्हती, ती माझ्याच पायांसाठी मागे सरकवलेली होती. आज चालवणाऱ्याची, तिच्या उंचीला लावलेली सीट मला मागे घ्यावी लागली.

हुतात्मा पार्कात मुलं क्रिकेट खेळत होती. ती बसायची ती कडेची जागा आता फरसबंद झाली आहे, पाय ठेवायला गवत नाही. मी तिथे फार थांबलो नाही.

टाऊन हॉलच्या बागेत नेहमीसारखी गर्दी होती. समोर सरकारी दवाखाना आहे, त्यामुळे या बागेत फिरायला आलेले कमी आणि थांबलेले जास्त. झाडाखाली डबे उघडलेले, कुणी उशाला पिशवी घेऊन पडलेलं. वर फांद्यांना वटवाघळं लटकलेली. ती या बागेत हजेरी घेत नसे, गप्प बसायची. एवढं आठवत होतं.

मोठ्या झाडाखालच्या बाकड्याजवळ मी उभा राहिलो आणि सवयीने फळीवरचं नाव वाचू लागलो. बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ते बाजूला सरकले.

"बसा की पावणं. जागा हाय."

मी बसलो.

"नाव वळखीचं हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही. सहज वाचत होतो."

"मला वाचाय येत न्हाय धड. हितल्याच एका पोरीनं वाचून दावलं. कोण तरी बाई हाय म्हणं." ते कबनूरचे होते. मुलगा यंत्रमागावर कामाला, पोटाचं ऑपरेशन होऊन आत पडलेला. आत एकालाच थांबू देत होते, तिथे सून होती. "तीन दिस झालं, मी हितंच. सकाळी आलो की आदी हिला हात जोडतो, मग टेकतो. फुकट कशाला बसायचं?"

"नावाला पाठ लावून बसता, त्या बाईंना काय वाटत असेल?" मी विचारलं. मला वाटतं, एवढं सरळ मी त्या वर्षात कुणालाच काही विचारलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आवो, पाठ लावायसाठीच दिलंय की. रातभर सून जागती, दिसभर मी. हिनं पाठ धरली म्हणून बसलोय. न्हायतर कवाच आडवा झालो असतो." मग म्हणाले, "तुमचं कोण हाय आत?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग बरं हाय," ते म्हणाले.

मी त्यांना मुलाच्या तब्येतीचं विचारलं, पाण्याची बाटली आणून दिली आणि निघालो. कागदावर पुढे रंकाळा होता.

रंकाळ्यावर ऊन उतरलं होतं. मुलगी म्हणते ते खरं, जागा सुंदर आहे. मी कठड्यापाशी उभा राहून बाकडी बघितली. एकावर दोघं जण फोनमध्ये फोटो बघत होती, एकावर तिघींच्या मांडीवर भेळेचे कागद. इथे फळीवरच्या नावाची कुणाला गरज नव्हती. तिचं बोलणं मला पुन्हा ऐकू आलं, पण या वेळी अर्धंच. नावाला पाठ लावणार, याचं तिला वावडं नव्हतं बहुतेक. हात पुसणार, याचं होतं. की हे मी माझ्या सोयीने लावून घेत होतो? विचारायला ती नव्हती. जन्मभर पुस्तकांत संदर्भ शोधले, आणि शेजारी बसलेल्या बाईला एक साधा प्रश्न विचारला नाही.

कागदाप्रमाणे इथून डावीकडे वळून घरी जायचं. कॉलनीची बाग, दोन झोके, आणि झालं. परत टाऊन हॉलला जायचं तर उजवीकडे वळावं लागतं. त्या नाक्यावर मी बराच वेळ थांबलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, मुक्काम हाय का हितं?" मग मी समोरच्यांना हात दाखवत, समद्या गावाला विचारत, उजवीकडे वळलो.

कबनूरचे गृहस्थ बाकड्यावर नव्हते. कदाचित त्यांना आत सोडलं असेल. शेजारच्या झाडाखाली मात्र चार बायका जमिनीवर बसल्या होत्या. त्यातली एक वयस्कर, खोडाला पाठ लावायला बघत होती आणि मुळांमुळे तिला ते जमत नव्हतं. त्या झाडाखाली बाकडं नव्हतं.

मी रिकाम्या बाकड्यावर बसलो. आधी हात जोडले. मग पाठ टेकली. फळीवर बसवलेल्या लोखंडी अक्षरांतला एक काना सदऱ्यातून पाठीला लागत होता.

तिथूनच शिरोलीला, तिच्या त्या विद्यार्थ्याला फोन लावला. टाऊन हॉल, म्हणालो. मोठ्या झाडाच्या डावीकडचं झाड.

"रंकाळा न्हाय?" तो म्हणाला. "ताई रंकाळा म्हणाल्या होत्या."

"तिला मी सांगतो. आणि अक्षरं फळीवरच घाल, पण फार वर काढू नको. लोक पाठ टेकणार. टोचायला नको."

त्याने जागा लिहून घेतली. मग म्हणाला, "व्हय सर. बाईंनी शाळेत टोचलं तेवढं पुरं हाय की."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी तिच्यावरून कुणीतरी माझ्याशी गंमत केली होती. फोन ठेवला तेव्हा वर वटवाघळं हलायला लागली होती. शेजारच्या झाडाखालच्या बायकांपैकी एकीने मला विचारलं, "बसताय का अजून, का आमी बसू?"

"या की," मी म्हणालो आणि उठलो.