आखूड पडलेला पूल

आमच्या वहिनीला कॉलेजात ‘कशावरूनबाई’ म्हणतात. नाव पोरांनी ठेवलंय, पण माझं त्याला पूर्ण अनुमोदन आहे. ती पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवते. कुणी काही ठोकून दिलं की समासात लाल शाईने एकच शब्द लिहिते: कशावरून? घरीही तेच. दूध नासलंय म्हणा, बाहेर गारठा आहे म्हणा, कशावरून? लग्न ठरवायला भेटले तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ‘मला स्वयंपाक येतो’ अशी फुशारकी मारली होती. हिने त्याला तिथल्या तिथे ऑम्लेट करायला लावलं. ते करपलं. तरी तिने होकार दिला. तो कशावरून, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे. सगळ्या वर्गाचे निबंध माझ्याच हातून छापून, बांधून जातात, त्यामुळे कॉलेजात न जाता मला पुष्कळ कळतं. हल्ली निम्मे निबंध एकाच माणसाने लिहिल्यासारखे येतात, गुळगुळीत आणि अतिसभ्य. ते एआयने लिहिलेले असतात. शिवाय हे एआय अडलं की कधीच न छापलेली पुस्तकंही पान क्रमांकासकट सांगतं. म्हणून कॉलेजने नियम केला: विचारायचं तर एआयला विचारा, पण जो संदर्भ द्याल तो स्वतः उघडून वाचलेला हवा. खोटा संदर्भ दिला तर विषयात नापास, म्हणजे वर्ष गेलं.

या नियमात नेमकी बडबडी सापडली. ही मुलगी दुकानात आली की माझ्या मशीनचा आवाज ऐकू येत नाही. आजारपणात तिचं एक वर्ष आधीच बुडालेलं. दुसरं बुडालं तर घरचे कॉलेज सोडायला लावणार, हे तिनेच मला सांगितलं होतं. तिचा निबंध कॉलेजमागच्या कालव्यावरच्या पुलावर होता. त्यात एक वाक्य होतं: ‘पूल बांधून झाल्यावर तो हातभर आखूड पडला, तेव्हा काठालाच अलीकडे बोलावण्यात आलं.’ खाली गावाच्या इतिहासाबद्दलच्या एका वेबसाइटचा पत्ता दिला होता. वहिनीने पत्ता टाकला, तर पान गायब. प्रकरण चौकशी समितीकडे गेलं.

माझ्या दुकानातच दोघींची गाठ पडली.

“शप्पथ मॅडम, मी वाचलंय! आधी एआयने सांगितलं, मग मी पान उघडून बघितलं. तिथे होतं!”

“होतं कशावरून?”

बडबडी गप्प झाली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला वहिनीचा रागच आला.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी स्वतःच अस्वस्थ होती. “मुलगी खोटं बोलतेय असं वाटत नाही,” ती म्हणाली. “पण पानच नाही, तर समितीला काय दाखवू?” तिने ते वाक्य वाचून दाखवलं. मी हसलो. दादा हसला नाही. एरवी कुठल्याही विषयात नाक खुपसणारा माणूस खाली मान घालून जेवत होता. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाला, “त्या मिठाला जरा अलीकडे बोलाव.”

वहिनीचा हात मिठाच्या बरणीवरच थांबला.

“अहो, हे तुम्ही लिहिलंत.”

“कशावरून?” दादा म्हणाला. काय हिंमत!

“मिठाला आणि काठाला अलीकडे बोलावणारा माणूस जगात एकच आहे. तो माझ्या समोर बसलाय.”

मग सगळं बाहेर आलं. दादा त्या वेबसाइटवर ‘जाणकार’ या नावाने लिहीत होता. परवा वहिनी सहज म्हणाली होती की पुलावर एक मजेदार निबंध आलाय, उद्या संदर्भ तपासते. तेव्हाच याने घाबरून पान पुसून टाकलं.

“तुझं कॉलेजात हसं होईल म्हणून पुसलं गं.”

“आणि त्या पोरीचं वर्ष?”

दादाचं जेवण तिथेच संपलं.

समितीसमोर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. वहिनी म्हणाली, “हा या माहितीचा उगम. माझे यजमान.” प्राचार्यांना अचानक खोकला आला. दादाने स्वतःच्या खात्यात शिल्लक राहिलेला मूळ मजकूर उघडून दाखवला आणि बडबडी सुटली. ती नाचायच्या बेतात होती, तेवढ्यात वहिनी म्हणाली, “पान होतं, एवढंच सिद्ध झालं. त्यातलं खरं होतं, असं कुठे झालं? एआयने जाणकारांचं ऐकलं, तू एआयचं ऐकलंस. जाणकारांना कुणी सांगितलं, ते कुणीच विचारलं नाही. निबंध पुन्हा लिही.”

मग बडबडीने माझ्या दुकानात स्टुलावर बसवून दादाची अशी उलटतपासणी घेतली की तो घामाघूम झाला. नवा निबंध मीच छापला. वहिनीने तो काउंटरपाशी उभ्यानेच वाचला. शेवट असा होता: ‘नकाशा पाहिला. पूल बरोबर मापाचा आहे. तो आखूड पडल्याची गोष्ट आपण रचली, असं जाणकारांनी मला समक्ष सांगितलं. का रचली, असं विचारल्यावर ते म्हणाले, घरी गोष्ट सुरू केली की पहिल्याच वाक्याला पुरावा मागतात. वेबसाइटवर लोक नुसतं ऐकून घेतात.’

लाल पेन पर्समधून बाहेर आलंच नाही. बडबडीला उत्तम गुण पडले, पण ते नंतर. तेव्हा वहिनी नुसती उभी होती.

“भावजी, मी इतकी वाईट आहे का हो?”

तिची फिरकी घ्यायची संधी मी सहसा सोडत नाही. पण तिचे डोळे भरले होते आणि मला तिची फार माया वाटली. “वाईट नाहीस,” मी म्हणालो. “पूर्ण ऐकून घ्यायच्या आधी विचारायची तेवढी घाई करतेस.”

त्या दिवशी दादा अगदी शहाण्यासारखा जेवत होता. वहिनीनेच विचारलं, “अहो, आपल्या कॉलेजचं घड्याळ कायम मागे का असतं?”

दादाने संशयाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“त्याचं काय झालं,” तो चाचरत म्हणाला, “घड्याळ बसवणारा माणूस होता भलताच झोपाळू...”

ही शुद्ध थाप आहे, हे मला कळलं. वहिनीला तर माझ्याआधी कळलं असणार. तिने ताट बाजूला सारलं, हनुवटीखाली हात घेतला आणि म्हणाली, “बरं, मग?”