दाजींचा डावा पाय आणि हवेचे बूट

आधीच सांगतो, मी हवेवर पोट भरणारा माणूस आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो - हवा गेली म्हणजे कुठंतरी भोक आहे. भूत-बित, करणी-बिरणी... आपला कधीच विश्वास नव्हता. हे वाचून कुणी हसलं तर हसू दे, मीही हसलो असतो.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक, साताऱ्यात राहतात. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. वय एकोणसाठ, आणि गडी अजून डोंगराच्या चढावर एकवीस किलोमीटर पळतो! मला नाक्यापर्यंत चालायचं तरी जिवावर येतं, म्हणून असेल, पण मला त्यांचं फार कौतुक आहे.

गेल्या वर्षी त्या डोंगरावरच्या स्पर्धेला पंधरा दिवस राहिले असताना त्यांचा फोन आला. जुन्या पलटणीच्या मेळाव्याहून दोन दिवस रेल्वेत बसून नुकतेच परतले होते, डावी पोटरी धरली होती.

"संज्या, ते पाय दाबायचं हवेचं बूट असत्यात बघ. तुज्याच धंद्यातलं हाय. चांगलं बघून आण."

हे बूट म्हणजे मांडीपर्यंत चढवायचे जाड मोजे. आतल्या कप्प्यांत पावलापासून वर हवा भरत जाते, पाय दाबला जातो, पळण्याचा शीण उतरतो. मी माप विचारलं तर म्हणाले, "नऊ नंबर!" याला पायाची लांबी आणि मांडीचा घेर लागतो, हे समजावताना माझा घसा बसला. शेवटी ताईनं शिवणाच्या टेपनं मापं घेऊन पाठवली. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड भरली होती. मला वाटलं, ताईनं टेप ढिली धरली.

सांगलीतल्या दुकानात दोन तास बसून मी जोडी निवडली. कप्पे एकमेकांवर थोडे चढलेले हवेत, नाहीतर मधला पट्टा दाबाविना कोराच राहतो. दाब कमी-जास्त करता यायला हवा. इतकं सुबक काम होतं, की व्हॉल्व्हचा आवाज ऐकत बसावं! आत पाय आहे की उशी, हे कळायची मात्र त्यात काहीच सोय नव्हती. पंप, व्हॉल्व्ह आणि टायमर, बस्स.

रविवारी सकाळी साताऱ्याला गेलो. दाजींचा उजवा पाय झकास दाबला गेला. डाव्याला पावलाचा कप्पा भरला, घोट्याचा भरला, आणि पोटरीशी येऊन... फुस्स. सगळी हवा बाहेर.

उजव्याचा मोजा डाव्या पायात चढवला. पोटरीशी फुस्स. माझ्या पायाला लावला, ताईच्या पायाला लावला - अगदी व्यवस्थित. साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. पुन्हा दाजींचा डावा पाय... फुस्स. असं चार वेळा झालं. ताईचा चेहरा उतरला.

"दाजी, डॉक्टरला दावूया," मी म्हणालो.

"खुळा हायस का रं? चोवीस वर्षांत एकदा सिक रिपोर्ट केला न्हाई मी. पोटरी धरली म्हणून आता करू व्हय?"

सिक रिपोर्ट म्हणजे फौजेत आजारी म्हणून नाव नोंदवणं. दाजींच्या लेखी ते कामचुकारांचं काम. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी नका करू. मशीननं केलाय की!"

दाजी माझ्याकडं बघत राहिले, मग मशीनकडं.

"व्हय गड्या... हाताखालच्यानं सिक रिपोर्ट केला, तर सुभेदाराला ऐकाय लागतं." आणि उठून चपला घालायला लागले.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या पायावर दाब दिला होता का?"

"द्यायला गेलो, पण मशीन चाललं नाही."

"नशीब तुमचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर..." ते बूट मी माझ्या हातानं, जिवाभावाच्या माणसासाठी निवडून आणले होते.

दाजी वाचले. औषधं चालू आहेत, पळणं बंद, चालणं सुरू. मशीन मी वर्कशॉपमध्ये आणून तीनदा खोललं. सगळं जागच्या जागी. कामगारांच्या पायांना लावून दिवसभर चालवलं, एकदाही अडलं नाही. योगायोग म्हणा... पण चार वेळा? दोन वेगळ्या मोज्यांत? आणि एकाच पोटरीशी?

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. दाजी मुद्दाम साताऱ्याहून आले. पाने-हातोड्यांच्या रांगेत त्यांनी ते मशीन ठेवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि दोन पावलं मागे सरून ताठ उभे राहिले.

ताईनं मला कोपरानं ढोसलं. मी हात जोडले. कुणाला, ते मला अजून सांगता येत नाही.