डावीकडे हरवलेले सात चेंडू

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी हुबळीतल्या केशवापूरच्या घरातून एकटा गाडी घेऊन निघालो. वय सहासष्ट. मागच्या सीटवर गोल्फची पिशवी, पुढच्या सीटवर डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाच दिवस आणि तीन मैदाने असा बेत होता: बेळगाव, कोल्हापूरच्या पुढचे एक आणि शेवटी पुणे. पुण्यात मुलगी राहते.

जाण्यावरून घरात तीन आठवडे वाद चालला होता. मी या वयात महामार्गावर एकट्याने गाडी चालवू नये, असे बायकोचे मत होते. मुलीचे मत तेच, फक्त तिने ते फोनवर सांगितले. शेवटी एक तोडगा निघाला. ही सहल नीट पार पडली तर गाडी राहील आणि पुन्हा कोणी विषय काढणार नाही. काही झाले तर गाडी विकायची. बायकोने हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. ती चौतीस वर्षे शाळेत शिकवत होती.

मी वर्तमानपत्रात काम केले, त्यातली बरीच वर्षे डेस्कवर. गोल्फ निवृत्तीनंतर शिकलो, तोही मैदानावर नाही. गावाबाहेर रायापूरला एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी आपल्या मोकळ्या प्लॉटवर दोन खांबांना जाळी बांधली होती. दहा फुटांवर जाळी. चेंडू मारायचा, तो जाळीत अडकायचा, खाली पडायचा, उचलायचा. दोन वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस तिथे जात होतो. माझा फटका सरळ जातो, असे ते शिक्षक म्हणायचे. चेंडू पुढे कुठे जाईल हे दोघांनाही माहीत असण्याचे कारण नव्हते.

बेळगावला पहिल्यांदा खऱ्या मैदानावर उतरलो. तीन चेंडू हरवले. या खेळात हरवलेला चेंडू तीन मिनिटे शोधता येतो. सापडला नाही तर एक फटका दंड, आणि आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचा. पंच नसतो. दंड स्वतःच स्वतःला लावायचा आणि कार्डावर लिहायचा. मला हे आवडले. मी कार्डासोबत खिशातल्या वहीतही नोंद केली. ती सवय जुनी आहे. नवखा आहे, चेंडू हरवणारच, असे म्हणून मी विषय संपवला.

बुधवारी दुसऱ्या मैदानावर पिशवी घ्यायला एक साठीचा कॅडी मिळाला. डोक्याला टॉवेल, पायात कॅनव्हासचे बूट. पहिली पाच होल तो फारसे बोलला नाही. सहाव्या होलवर माझा त्या दिवशीचा चौथा चेंडू गेला. मी उसाच्या बाजूला शोधत होतो. तो जागचा हलला नाही.

"साहेब, एक विचारू? डावीकडं काय भांडण हाय काय तुमचं?"

मी त्याच्याकडे पाहिले.

"उजवीकडचा बॉल तुम्हाला माझ्याआधी दिसतोय. डावीकडं गेला की गेलाच. आता हा तुमच्यासमोरून गेला की हो. तुम्ही मान पण वळवली नाही."

फटका वाकडा बसतोय, असे मी सांगितले. फटक्याबद्दल तो बोलतच नव्हता. मग त्याने मला होलच्या झेंड्याकडे एकटक बघायला लावले आणि माझ्या मागे उभा राहून एकेका बाजूने हात पुढे आणला. उजवा हात खांद्याच्या रेषेत आला तेव्हाच दिसला. डाव्या हाताची मी वाट बघत होतो. तो अचानक नाकासमोरच दिसला.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करायची नाही, असे आम्ही नव्या उपसंपादकांना शिकवत असू. मी वही उघडली. बेळगावच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. तिसरे होल, डावीकडे बांबू. आठवे, डावीकडे नाला. अकरावे, डावीकडे, काही दिसले नाही. आजचे चार मिळून सात. सातही डावीकडचे.

समोरचे मला अजून स्वच्छ दिसत होते. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढताना तक्त्याची शेवटची ओळ मी न अडखळता वाचली होती आणि घरी येऊन ते सांगितलेही होते.

उरलेली होल मी खेळलो नाही. कॅडीला पूर्ण फेरीचे पैसे दिले तर तो घेईना. "अर्धं पण झालं नाही की," म्हणाला. शेवटी घेतले.

गाडीत येऊन बसलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. पुणे पुढे चार-पाच तासांवर. गाडीला ओरखडा नव्हता. कॅडीला माझे नाव माहीत नव्हते. न सांगता पुण्याला पोचलो असतो, तर तोडग्याप्रमाणे गाडी राहिली असती. सकाळी येताना निपाणीजवळ डाव्या बाजूने एक मोटारसायकल अगदी खेटून हॉर्न देत गेली होती. मी चालवणाऱ्याला कन्नडमध्ये शिवी दिली होती. त्याच्या मागे एक बाई बसली होती. मी किल्ली फिरवली नाही. घरी फोन लावला.

"ठोकलीत काय?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग?"

"मला डावीकडचं दिसत नाही."

फोनवर कुकरची शिट्टी ऐकू आली. तिने गॅस बंद केल्याचाही आवाज आला.

"गेल्या महिन्यात मी कोप्पीकर रोडला उभी होते," ती म्हणाली. "रिक्षा मिळत नव्हती. तुम्ही गाडी घेऊन अगदी जवळून गेलात. मी हात केला. तुम्ही बघितलं नाही."

"बोलली नाहीस."

"गाडीवरून भांडण झालं होतं ना आदल्या दिवशी. मला वाटलं, राग धरलाय." मग म्हणाली, "मी तीन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तेही तुम्हाला कळलं नाही का?"

कळले होते. मला वाटले होते, तीच रागावली आहे. तसे मी सांगितले.

"आहात तिथंच थांबा," ती म्हणाली. "आता एक फर्लांगही चालवायची नाही."

तो दिवस मी मैदानाजवळच्याच लॉजवर काढला. गुरुवारी सकाळी माझा मेव्हणा हुबळीहून पहाटेच्या बसने आला. "दाजी, गोल्फ कुणी जिंकलं?" एवढेच त्याने विचारले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. परतीच्या वाटेवर त्याने तीनदा चहासाठी गाडी थांबवली. दुपारी पावणेपाचला आम्ही केशवापूरला पोचलो. बायको फाटकात उभी होती. तिने आधी गाडीला एक फेरी मारली, मग माझ्या हातातली पिशवी घेतली.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचा परीघ मोजला. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डावीकडच्या बाजूचे नुकसान जास्त. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येते, असे त्यांनी सांगितले. थेंब सकाळी आठला आणि रात्री आठला, बायको घालते. गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विकली.