चीफची नदी

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सायकलच्या पेडलपाशी टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने पेडल हळूहळू फिरवायचं. परदेशात, सेरंगूनच्या वस्तीतल्या आमच्या ब्लॉकखाली रविवारी सकाळी हे दृश्य ज्यांनी पाहिलं, त्यांनी त्या माणसाला वेड्यातच काढलं असणार. पण जहाजाच्या इंजिनाचं दुखणं असंच ऐकतात. चीफनी, म्हणजे आमच्या चीफ इंजिनिअरनी, तीस वर्षं इंजिनं ऐकली होती, आता ते सायकल ऐकत होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इंजिन बंद करायचं तर आधी ब्रिजला सांगायचं." जहाजावरचा तो नियमच आहे. वर ब्रिजवर जहाज हाकणाऱ्याला न कळवता खाली इंजिन थांबवलं तर जहाज कुठेही जाऊन आदळेल. चीफ हा नियम घरीही पाळत. जेवता जेवता वहिनींना म्हणत, "ब्रिज, इंजिन बंद करू?" वहिनी म्हणत, "आणखी अर्धी पोळी घ्या, मग करा."

घराबाहेर ब्रिज म्हणजे मी, कारण मी डेकवरचा, कॅप्टन. आम्ही दोघेही समुद्र सोडून बंदराजवळच्या एकाच ऑफिसात काम करत होतो. मी आपखुशीने उतरलो होतो. चीफना मात्र उतरवलं होतं. दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत त्यांच्या रक्तात साखर सापडली, आणि बावन्नाव्या वर्षी त्यांच्या कागदावर 'समुद्रासाठी अपात्र' असा शिक्का बसला. महिन्याभराने ते जुनी लोखंडी रेसिंग सायकल घेऊन आले.

आमच्या ब्लॉकची लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबे, मग थेट अकराव्यावर. मी सहाव्यावर राहत होतो, चीफ आठव्यावर. ते रोज सायकल खांद्यावर टाकून दोन मजले चढत, आणि माझ्या दारावरून जाताना घंटी वाजवत. माझी मुलगी अभ्यासातून मान वर न करता इथल्या लोकांच्या ढंगात म्हणे, "बाबा, युअर इंजिन रूम इज हिअर, लाह."

असंच एकदा आत येऊन बसले आणि म्हणाले, "कॅप्टन, आपण जगातल्या किती नद्या पाहिल्या?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"एकही नाही," ते म्हणाले. "आपण फक्त तोंडं पाहिली. गाळ, गोदी आणि पायलटची बोट. मूळ एकीचंही नाही."

मग त्यांनी फ्रान्समधली गोष्ट सांगितली. बोर्दोजवळ, दोर्दोन्य नदी खाडीला मिळते तिथे, त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकलं होतं. रविवारी सकाळी सत्तरीतले म्हातारे सायकलींवरून नदीच्या काठाने वर जायचे आणि संध्याकाळी लालबुंद चेहऱ्यांनी परत यायचे. वर काय आहे विचारलं, की हातवारे करून डोंगर दाखवायचे. चीफना इंजिनपाशी थांबावं लागलं. वर काय आहे ते पाहायचं राहून गेलं.

"आता जातो," चीफ म्हणाले. "तोंडापासून मुळापर्यंत, माझ्या पायांनी. या लोकांनी मला खाली उतरवलं, कॅप्टन. एकदा मला वर चढून दाखवायचंय."

कुणाला दाखवायचंय, हे मी विचारलं नाही.

वर्षभर त्यांनी माउंट फेबरच्या टेकडीवर चढउतार केला. एका दमात बारा वेळा. पायथ्याचा कॉफीवाला अंकल काचेवर खडूने रेघा मारून त्यांचे फेरे मोजायचा, आणि बाराव्या रेघेला बिनसाखरेची कॉफी समोर ठेवायचा.

प्रवासाचा आराखडा मी आखला. आता हसू नका, मी त्यात मुरलेला माणूस होतो. डायनिंग टेबलावर नकाशा पसरून कंपासने अंतर मोजलं, ताशी पंधरा किलोमीटर धरले आणि सहा दिवसांचं वेळापत्रक बनवून दिलं. रोज दुपारी बारा वाजता चीफनी आपण कुठे आहोत ते फोनवर सांगायचं, जहाजाच्या नून रिपोर्टसारखं. तिथे बारा म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे सहा. वहिनी रोज सहाला खाली येत आणि म्हणत, "बायकोला फोन नाही, ब्रिजला फोन. बरंय."

चार दिवस फोन वेळेवर आला. पांढरे कडे, अक्रोडाच्या बागा, खेड्यातली बंद दारं आणि पुलाखाली पोहणारी बदकं. "रस्त्यावर चिटपाखरू नाही, कॅप्टन. फक्त नदी आणि माझी चेन. चेन छान बोलतेय." मी पेन्सिलीने नकाशावर खूण करायचो, वहिनी चष्मा लावून ती तपासायच्या.

पाचव्या दिवशी सहाला फोन वाजला नाही.

सात वाजले. वहिनी नकाशासमोर बसल्या होत्या. मीही बसलो, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या रस्त्याच्या आसपासचे आकडे नीट वाचले. चारशे, सहाशे, साडेसातशे. हे मी आधीही पाहिले होते, आणि पाहून निश्चिंत झालो होतो. कारण जमिनीच्या नकाशात आकडा म्हणजे उंची असली, तरी समुद्राच्या नकाशात तो म्हणजे खोली. आकडा मोठा तितकं पाणी जास्त आणि जहाज सुरक्षित. तीस वर्षांच्या सवयीने मी मोठमोठे आकडे बघून चीफना निर्धास्त पाठवून दिलं होतं. शेवटी एक चढ आहे एवढं आम्ही दोघांनी धरलं होतं. मधे रस्ता नदी सोडून डोंगरावर जातो, पुन्हा दरीत उतरतो आणि पुन्हा चढतो, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

सव्वाआठला फोन आला.

"ब्रिज, इंजिन बंद पडलं. न सांगता. माफी असावी."

चढावर रक्तातली साखर एकदम उतरली, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. खिशातली साखर खाऊन ते एका अक्रोडाखाली आडवे झाले. शेतावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना धरून घरी नेलं, सूप आणि पाव दिला. आता त्यांच्याच स्वयंपाकघरातून बोलत होते. "बाईंचा मुलगा उद्या ट्रक घेऊन वरच्या गावाला चाललाय. सायकलसकट सोडतो म्हणतो. ऑर्डर काय?"

"चीफ, चूक माझी आहे. मी ते आकडे..."

"ते मला पहिल्याच चढाला कळलं. तुम्ही डेकवाले. ऑर्डर सांगा."

वहिनींनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "अहो, खरं सांगा. छातीत काही होतंय?"

"नाही. पोट भरलंय. आता बरंय."

"ट्रकात बसलात तर तुम्हाला बरं वाटेल का?"

"नाही."

"मग उद्या तिथेच विश्रांती घ्या आणि परवा चढा. दर अर्ध्या तासाला खायचं. उशीर झाला तर होऊ दे." आणि त्यांनी रिसीव्हर मला परत दिला. त्या घरातला खरा कॅप्टन कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "डेड स्लो अहेड." अगदी सावकाश, पण पुढे.

जहाजावर ऑर्डर मिळाली की खालून ती परत म्हणून दाखवतात, ऐकली याची खूण म्हणून. चीफ म्हणाले, "डेड स्लो अहेड."

सहाचे नऊ दिवस झाले. नवव्या दिवशी सहाच्या ठोक्याला फोन.

"ब्रिज, नून रिपोर्ट. सकाळी मुळाशी जाऊन आलो. एकदाही उतरून ढकलली नाही. जिथे रस्ता संपला तिथे सायकल ठेवली आणि पुढचं चाललो. एवढीशी आहे हो. जिच्या तोंडाशी आमचं जहाज उभं होतं, तिच्या दोन काठांवर दोन पाय ठेवून उभा राहिलो."

वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. मला तर असा अभिमान वाटला, जसा स्वतः कुठलं जहाज बंदराला लावून कधी वाटला नव्हता. प्रवास संपला की ब्रिजवरून खाली शेवटची ऑर्डर जाते, 'फिनिश्ड विद इंजिन्स', आता इंजिनाचं काम नाही. मी विचारलं, "चीफ, देऊ का शेवटची ऑर्डर?"

"इतक्यात नको. स्टँडबाय ठेवा. अजून नद्या आहेत."

पुढे निवृत्त होऊन ते चिपळूणला गेले. तिथून वाशिष्ठीच्या काठाने वर वर जात राहिले. पत्रातून नून रिपोर्ट यायचे.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. सकाळी सायकलवर जायचं म्हणून बुटाची नाडी बांधायला चीफ खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. "कुणाला काही बोललेच नाहीत हो," वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी त्या संध्याकाळी माउंट फेबर पायी चढलो. दोनदा थांबावं लागलं. चीफ हे एका दमात बारा वेळा करायचे, हे मला पाय दुखल्यावर खऱ्या अर्थाने कळलं. वर पोचलो तेव्हा खाली नांगरावर जहाजं उभी होती. मी त्यांच्याकडे तोंड करून, खाली इंजिन रूमपर्यंत जाईल अशा मोठ्या आवाजात म्हटलं, "फिनिश्ड विद इंजिन्स."

आणि सवयीने, ऑर्डर परत ऐकू येईल म्हणून, थोडा वेळ थांबलो.