आज काय केलंत जेवायला?

माझी मुलगी काय काम करते, हे मला जवळजवळ दहा वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी "हेल्थमध्ये आहे" म्हणायचे आणि समोरची बाई "अरे वा, डॉक्टर!" म्हणाली की गप्प राहायचे. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. आता त्याची लाज वाटते.

मुलगी आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात आहे. अॅरिझोनातलं आमचं शहर वाळवंटातच वसलंय. अलीकडे इथला उन्हाळा लवकर येतो, उशिरा जातो आणि रात्रीसुद्धा भिंतींवरून हात फिरवला तर त्या कोमट लागतात. या उन्हानं माणसं आजारी पडू नयेत, मरू नयेत, याची आधीपासून तयारी करणं हे तिचं काम. दुपारी थंड बसायला कुठली लायब्ररी उघडी ठेवायची, पाणी कुठे ठेवायचं, एकटं कोण राहतं, कुणाचा एसी जुना झालाय, याच्या याद्या ती जानेवारीपासून करत असते. मी अकोल्याची. ऊन ही काय शिकायची गोष्ट आहे, असं मला वाटायचं. आम्ही खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावल्या, खिशात कांदा ठेवला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि मोठे झालो. त्यात मास्टर्स डिग्री कसली करायची?

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिनं एक नवीन काम सुरू केलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी त्यांच्या भाषेत फोन करायचा. कुणी स्पॅनिशमध्ये करतं, कुणी व्हिएतनामीमध्ये. मराठीची अकरा माणसं निघाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. मी निवृत्त फार्मासिस्ट, रिकामटेकडी, नवरा गेल्यापासून एकटीच राहणारी. मुलगी पंचवीस मिनिटांवर. तिला वाटलं असणार, आईलाही काहीतरी उद्योग.

तिनं मला प्रश्नांचा कागद दिला. कंप्युटरनं भाषांतर केलेला. "आपणांस गेल्या चोवीस तासांत भोवळ अथवा मळमळ जाणवली आहे काय?" मी म्हटलं, "अगं, हा फोन आहे की समन्स?" पण तिच्या ऑफिसचा नियम होता, प्रश्न बदलायचे नाहीत. मग मी पहिले तीन आठवडे अकरा जणांना रोज तेच विचारलं. आणि अकराच्या अकरा जणांनी रोज तेच उत्तर दिलं: मजेत. भोवळ? छे हो. एसी? चालू आहे की. तुम्ही कशा आहात? मी कागदावर अकरा बरोबरच्या खुणा करायचे आणि चहा ठेवायचे.

एका सकाळी एक काकू अशाच "मजेत" म्हणाल्या आणि दुपारी अॅम्ब्युलन्सनं हॉस्पिटलमध्ये गेल्या. चार दिवस राहून बऱ्या होऊन परत आल्या, देवाची कृपा. पण झालं होतं असं की बिल वाढू नये म्हणून त्या एसी बंद ठेवून पंख्याखाली बसायच्या. हवा अंगापेक्षा गरम असली की पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवीच्या गोळ्या चालू. शरीरातलं पाणी असं कमी होत गेलं. पस्तीस वर्षं मी त्या गोळ्या लोकांच्या हातात दिल्या होत्या. त्या सकाळी काकूंच्या नावापुढे मीच खूण केली होती.

त्या रविवारी मी आणि मुलगी भांडलो. मी म्हटलं, "तुझा कागद बिनकामाचा आहे. 'कसे आहात' या प्रश्नाला मराठी माणसानं आजवर खरं उत्तर दिलेलं नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा 'ठीक आहे' म्हणतो, मग 'तुम्ही चहा घेणार का' विचारतो."

"आई, वी नीड डेटा. तू गप्पा मारत बसलीस तर मी रिपोर्ट कसा करू?"

"मी एकच प्रश्न विचारीन. आज काय केलंत जेवायला?"

मला वाटलं, आता ऑफिसचे नियम ऐकवणार. ती म्हणाली, "व्हाय दॅट?"

मी सांगितलं. तब्येतीबद्दल आमची माणसं खोटं बोलतात, पण जेवणाबद्दल खोटं बोलत नाहीत. बोलली तरी पकडली जातात, कारण पुढचा प्रश्न तयार असतो: भाजी कुठून आणली, फोडणीत काय घातलं. ज्याच्या घरात उकडतंय तो गॅस पेटवत नाही. ज्याला मळमळतंय तो "भूकच नव्हती" म्हणतो. ज्याला भोवळ येतेय तो कालचंच खातो. मुलीनं वही काढली आणि माझं सगळं बोलणं लिहून घेतलं. मध्ये दोनदा म्हणाली, "हळू बोल ना." तिच्या जागी मी असते तर आईचं ऐकून घेतलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं साहेबांशी भांडून तो प्रश्न कागदावर पहिल्या नंबरला आणला. सगळ्या भाषांत.

गेल्या वर्षी जुलैमध्ये त्या प्रश्नाची परीक्षा झाली.

माझ्या यादीत एक काका होते. वय एक्क्याऐंशी, मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनियर. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा बॉथेलला, दूर उत्तरेत, विमानानं तीन तासांवर. माझ्यापेक्षा वयानं मोठे, म्हणून सगळ्यांसारखी मीही काकाच म्हणते. आमचं रोजचं भांडण ठरलेलं, अकोला जास्त तापतं की नागपूर. "ताई, तुमच्या अकोल्याचं ऊन म्हणजे नागपूरचं उरलंसुरलं," असं म्हणायचे. काकू गेल्यावर हा माणूस स्वयंपाक शिकला आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान. फोनवर पाटवडीच्या रश्श्याचं वर्णन दहा मिनिटं चालायचं. मी कंटाळायचे, पण ऐकायचे.

सोमवारी विचारलं, काय केलंत? "दही-पोहे. हलकं बरं." मंगळवारी परत दही-पोहे. मी म्हटलं, पाटवडी रुसली वाटतं? ते हसले नाहीत. बुधवारी म्हणाले, "ताक घेतलं. तुम्ही काय केलंत?" आणि घाईघाईनं फोन ठेवायला लागले. अकोल्याचा विषयसुद्धा काढला नाही.

मी गाडी काढली. त्यांचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर, वसाहतीच्या अगदी टोकाला. मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे नुसते सग्वारो कॅक्टस. बेल वाजवली, बराच वेळ कुणी आलं नाही. मग त्यांनी दार जेमतेम वीतभर उघडलं आणि त्या फटीतून भट्टीसारखा झोत माझ्या तोंडावर आला.

"अरे ताई! मी मजेत आहे. तुम्ही कशाला..."

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

घरातल्या सगळ्या खिडक्यांवर ओल्या चादरी टांगलेल्या. दोन पंखे चालू. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा सत्त्याण्णव फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ अंगाइतकाच. एसी बंद पडून चौथा दिवस होता. हा इंजिनियर माणूस नागपूरची विद्या वापरून राहत होता आणि ती एरवी चाललीही असती. पण जुलैत इथेही ढग येतात, हवा दमट होते आणि ओली चादर नुसती ओलीच राहते. काकांचे ओठ सुकले होते. खुर्चीत बसताना त्यांनी दोनदा हातानं आधार चाचपडला. टेबलावर गोळ्यांचा डबा होता. मी उघडून बघितला. त्याच लघवीच्या गोळ्या.

"रिपेअरवाल्याला का नाही बोलावलं?"

"बोलावलं होतं. नवीन मशीन बसवायला लागेल म्हणाला. मोठं काम आहे, मुलाला सांगावं लागेल." मग खाली बघत म्हणाले, "त्याला कळलं तर तो हे घर विकेल. त्यानं मला मागच्या वर्षीच सांगितलंय. पुढच्या वेळी काही झालं की बाबा, बॉथेल. ताई, तिथे मला त्याच्या बेसमेंटमध्ये राहायचं नाही. इथे ती आहे." म्हणजे काकू. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता आणि बागेत त्यांनी लावलेली लिंबाची झाडं.

मी रागावले, समजावलं, हात धरून ओढलं. माणूस हलेना. म्हणे संध्याकाळी बघू. शेवटी मी मुलीला फोन केला. ती मीटिंग सोडून आली. ऑफिसचं कार्ड गळ्यात, हातात मिठा-साखरेच्या पाण्याची बाटली. ती त्यांच्याशी भांडली नाही. चटईवर त्यांच्या पायांशी बसली, बाटली उघडून हातात दिली आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली:

"काका, समर संपला की मला एक लिस्ट येते. जे लोक गरमीने गेले, त्यांची. मी प्रत्येक नाव वाचते. ते माझं काम आहे. मोस्ट ऑफ देम घरातच होते. एसी होता, पण बंद होता. आणि सगळ्यांनी कुणाला तरी सांगितलं होतं की आय अॅम फाइन." तिनं त्यांच्या हातातली बाटली जरा वर केली. "मला तुमचं नाव त्या लिस्टमध्ये वाचायचं नाहीये. प्लीज."

काकांनी बाटली तोंडाला लावली. अर्धी संपल्यावर म्हणाले, "चला."

मी दाराशी उभी होते. दहा वर्षं मी या मुलीचं काम लपवलं होतं. दर ऑक्टोबरात ती एकटी बसून ती यादी वाचते हे मला माहीतसुद्धा नव्हतं. त्या तापलेल्या घरात मला तिचा अभिमान वाटला.

काकांना हॉस्पिटलात एक दिवस सलाइन लागलं, मग ते माझ्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले. शनिवारी मुलगा बॉथेलहून आला. चांगला मुलगा आहे, घाबरलेला होता, म्हणून ओरडत होता. "बाबा, यू लाइड टू मी! रोज व्हिडिओ कॉल करतो मी!"

"कॉलवर घाम दिसत नाही," काका म्हणाले. "आणि तू घर विकलं असतंस."

मुलानं हातातला फोन खिशात टाकला. त्यानं घराची किंमत काढायला एजंटला आधीच ईमेल केली होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

मुलीनं दोघांना जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवलं. तिच्या अटी तिनं कागदावर लिहूनच आणल्या होत्या. नवीन एसी आत्ता आणि दर एप्रिलमध्ये त्याची तपासणी. गोळ्यांचा डोस उन्हाळ्यासाठी डॉक्टरला विचारून ठरवायचा. जुलैची अखेर आणि ऑगस्ट बॉथेलला, बेसमेंटमध्ये नाही, वरच्या खोलीत. आणि घराची एक किल्ली दहा मिनिटांत पोचेल अशा माणसाकडे. एवढं पाळलं तर घर विकायचं नाही. बापलेक दोघंही एकमेकांकडे न बघता "ओके" म्हणाले. काकांनी खिशातून जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी ती मोठ्या तोऱ्यात पर्समध्ये टाकली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, आणि तुझी किल्ली कुणाकडे आहे?"

"तुझ्याकडे."

"मी पंचवीस मिनिटं लांब आहे. दहा मिनिटांत कोण येईल?"

मी चिडले. माझा एसी चांगला आहे, मी लोकांना फोन करणारी बाई आहे, मला काय धाड भरलीय, असं बरंच बोलले. ती नुसती बघत राहिली. तिच्या तेवढ्या बघण्यानं मी गप्प झाले, कारण मी अगदी त्या अकरा जणांसारखीच बोलत होते.

ऑगस्ट संपल्यावर काका बॉथेलहून परत आले. मी जाऊन माझ्या घराची एक किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "चालते का ते तपासायला पाहिजे. नुसती ठेवून काय उपयोग?" इंजिनियर तो. मी म्हटलं, "तपासा की," आणि घरी आले.

संध्याकाळी मी सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. मुलगी किल्ली असूनही बेल वाजवते, तिचं वळणच तसं. आजवर बाकी कुणाकडे किल्लीच नव्हती. नवरा गेल्यापासून माझं दार बाहेरून कुणी उघडलं नव्हतं. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि बाहेरून काका म्हणाले, "ताई, चालते हो." मी डोळे पुसत सोफ्यावरूनच म्हटलं, "मग आत या ना, स्वयंपाक झालाय."